तीन माइक आणि जर्दाळूंचं पुस्तक

९ मार्च

आजपासून पुस्तक लिहायचं नाही, सांगायचं. अर्ध्या पानानंतर हातच संपावर जातो, तर दुसरं करणार काय? कोनिबोदोमच्या जर्दाळूंच्या जुन्या जाती मी आयुष्यभर हिंडून नोंदवल्या. खुजंदची बागायत संस्था म्हणते, शरदापर्यंत मजकूर द्या, छापतो. म्हातारी झाडं दरवर्षी तोडली जातायत. पुस्तकात आलं नाही ते पुढच्या माणसाला कुठेही सापडायचं नाही.

माझ्या मुलाने, खुशबख्तने, रशियातल्या येकातेरिनबुर्गहून गावच्या एका माणसाच्या हाती रेकॉर्डर पाठवला. बोटाएवढा, वरच्या टोकाला दोन माइक, नाकतोड्याच्या मिशांसारखे फाकलेले. मी बोलायचं, ते फोनवरून मेहरांगेजला पाठवायचं, तिने टाइप करायचं. मेहरांगेज म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. खुजंदला शाळेत शिकवते. तिची बोटं बघत राहावीत अशी चालतात.

ही वही या नव्या उद्योगाची नोंद म्हणून. चार ओळींना हात कुरकुरत नाही. अक्षर तर हल्ली फारच नाजूक येतंय, दोन पानांचा मजकूर एका पानात मावतो. बायको, सनोबर, म्हणते मुंग्यांची रांग आहे. तिचा चष्मा बदलायला झाला.

१४ मार्च

मेहरांगेजचा फोन.

“मामा, तुम्ही रजईत शिरून बोलता का हो?”

“अंगणात बसून बोलतो. का?”

“पाटाचं पाणी ऐकू येतं. कबुतरं येतात. मामीने पातेल्यावर झाकण आपटलं तेही येतं. तुम्हीच येत नाही!”

माहितीपत्रक भिंग घेऊन वाचलं. हा माइक चहूबाजूंनी आवाज गोळा करतो. सभेसाठी ठीक, एकट्या माणसाच्या सांगण्याला कुचकामी. बाजूला एक खटका आहे, ‘सभा’ आणि ‘श्रुतलेखन’. तो श्रुतलेखनावर केला. आता वीतभर अंतरावर धरून बोलायचं.

२२ मार्च

काल नवरोज. सनोबर आणि गल्लीतल्या बायका सुमनकची, म्हणजे गव्हाच्या कोंबांच्या खिरीची, कढई ढवळत होत्या, गाणी चालली होती. खुशबख्तचा फोन आला. आईशी भरभरून बोलला, मग मी घेतला. थंडी, कोट, कामावरचा मुकादम, सगळं विचारलं मी. तो दोनदा “काय?” म्हणाला आणि मग, “बरं बाबा, तब्येत जपा.” संपलं. परदेशी राहून पोरगा कोरडा झालाय.

सनोबर म्हणाली, “जरा मायेनं बोलत जा की त्याच्याशी.”

मग मी काय दगड मारत होतो?

२९ मार्च

बाग फुलली. पण यंदा सुबहानी जातीच्या मोहराला वासच नाही. कंदकलाही नाही. सात-आठ झाडांखाली उभा राहिलो, नाक फांदीत खुपसलं, काही नाही. दहा तारखेच्या गारठ्याने मारला असणार. पुस्तकासाठी टिपण केलं: मोहर फुटण्याआधी गारठा पडला तर सुगंध जातो. हे याआधी कुणी नोंदवलेलं नाही.

सनोबर त्याच झाडाखाली डोळे मिटून म्हणाली, “बाई गं, वास कसा डोक्यात जातोय.” इतक्या वर्षांची सवय. वास नसला तरी आठवण येते माणसाला.

४ एप्रिल

खुजंदला बाजारात इल्होमच्या फोन-रेकॉर्डरच्या दुकानी जाऊन आलो. त्याने माझ्यासमोर एक जाडजूड, जुना रेकॉर्डर ठेवला. पूर्वी एका वकिलाचा होता. माथ्यावर एकच माइक, तोंडासमोरचं तेवढं घेतो, आजूबाजूचं सोडून देतो. अंगठ्याने खटका पुढे केला की चालू, मागे केला की बंद, आणखी मागे ओढला की शेवटचं वाक्य पुन्हा ऐकवतो. सांगणाऱ्याच्या हाताचा विचार करून बनवलेली वस्तू आहे.

“मुअल्लिम,” इल्होम म्हणाला, त्याच्यासाठी मी अजून गुरुजीच, “यात वकीलसाहेब कुजबुजले तरी न्यायाधीश दचकायचे.”

सोबत कॉलरला अडकवायचा एक चिमुकला माइकही दिला, फोनला जोडता येतो. नाही आवडलं तर दोन्ही परत घेईन म्हणाला. बाजारात गोंगाट फार. बिचाऱ्याला माझं म्हणणं तीन-तीनदा विचारावं लागत होतं.

८ एप्रिल

मेहरांगेजचा निकाल: वकिलाच्या रेकॉर्डरवर मी येतो, पण किटली उकळतेय असा सूं आवाज माझ्याहून मोठा. “तुम्ही थांबलात की किटली, बोललात की थोडे तुम्ही आणि थोडी किटली.” यंत्राला आवाज कमी पडला की ते आपोआप कान टवकारतं आणि मग हवेतली खरखरसुद्धा उचलतं, असं इल्होम फोनवर म्हणाला. पण आवाज कमी का पडावा? चांगलं ठणठणीत बोलतो मी. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा माझा आवाज.

११ एप्रिल

आज शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. द्राक्षाच्या मांडवाखाली कट्ट्यावर तिन्ही मांडले: मिशांचा, वकिलाचा आणि कॉलरचा. मजकूर एकच, खुर्माई जातीचा परिच्छेद. आधी वीतभरावरून, मग हातभरावरून, मग तोंड बाजूला करून.

निकाल फार निराशाजनक. मिशांच्यावर मी जणू शेजारच्या घरात आहे. वकिलाच्यावर किटली. कॉलरचा त्यातल्या त्यात बरा, शब्द लागतात, पण प्राण नाही.

तुलनेला दुसरा आवाज हवा म्हणून सनोबरला बोलावलं. ती कांदे चिरत होती, उठायला तयार नाही.

“इथूनच वाचते. आणा तो कागद.”

“इतक्या लांबून काय येणार?”

“येईल नाही तर राहील. माझे हात भरलेत.”

तिने कांदा चिरता चिरता, मध्येच नाक ओढत, मांजराला हाकलत परिच्छेद वाचला. तिन्ही यंत्रांवर शब्दन् शब्द! मांजराला घातलेली शिवीसुद्धा. किटली गायब.

बराच विचार केला. उलगडा झाला: हे माइक बायकांच्या आवाजाच्या पट्टीला जुळवलेले आहेत. बनवणाऱ्यांनी कचेऱ्यांतल्या सेक्रेटरी बायका डोळ्यांसमोर ठेवल्या असणार. पुरुषाचा खर्जातला आवाज त्यांना पेलत नाही. इल्होमला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, “पण ते वकील तर पुरुषच होते, मुअल्लिम.”

१५ एप्रिल

घरात वेगळीच काळजी. सनोबरला ऐकू कमी येतंय. दिवसभर “काय?”, “काय म्हणालात?”, “तोंडातल्या तोंडात नका पुटपुटू.” चहा मागितला तर टोपी आणून दिली. तरणी असल्यापासून कान असा तिखट, त्याचं हे व्हावं. मी चिडत नाही. वय आहे.

संध्याकाळी पाटापलीकडचा होशिम गरम नान घेऊन आला, चेहरा पाडून. “अका, पाण्याच्या पाळीवरून रागावलात ना? महिनाभर तोंड दगडासारखं करून जाता. माझं चुकलं असेल तर इथेच सांगा.”

मी म्हटलं, अरे, मी कशाला रागावू?

तो सनोबरकडे बघून म्हणाला, “बघितलंत वहिनी? अजून रागातच आहेत.”

लोक फार हळवे झालेत हल्ली.

पुढच्या आठवड्यात सनोबरला खुजंदला कानाच्या डॉक्टरकडे नेतो. त्याच फेरीत रेकॉर्डर इल्होमला परत करीन.

२१ एप्रिल

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

डॉ. मुहय्यो सत्तरीच्या आहेत, खणखणीत बाई. सनोबरला काचेच्या खोलीत बसवून कानांना यंत्र लावलं. बाहेर येऊन म्हणाल्या, “यांना भिंतीतला उंदीर ऐकू येईल. कोण म्हणालं ऐकू येत नाही?”

“मी,” मी म्हणालो.

“कोण?”

“मी.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. माझा चेहरा निरखून पाहिला. मग विचारलं, घरात कोण कोण “काय?” म्हणतं. मी सांगितलं: सगळेच. बाजारातही, फोनवरही. आणि ओघात माइकचीही कर्मकथा सांगितली, कारण पिशवी मांडीवरच होती. त्या म्हणाल्या, ऐकवा.

तिथे त्या पांढऱ्या खोलीत आधी माझी खुर्माई वाजली, मग सनोबरची. मग पुन्हा माझी. डॉक्टरांनी तिन्ही यंत्रं एकेक करून हातात घेतली, नीट टेबलावर ठेवली.

“माइक चांगले आहेत, मुअल्लिम. तिन्ही चांगले आहेत.”

मग त्यांनी मला दारापर्यंत चालायला लावलं. म्हणाल्या, डावा हात हलतोय, उजवा का नाही हलत? मला ठाऊकच नव्हतं की चालताना हात हलायला हवेत. कागदावर माझं नाव लिहायला सांगितलं. मग डोळे मिटायला लावून नाकाशी काहीतरी धरलं.

“काय आहे?”

“कापूस.”

“कसला वास येतोय?”

“कापसाला कसला वास?”

डोळे उघडले तर सनोबरने डोक्यावरच्या रुमालाने नाक झाकलं होतं. लवंगेचं तेल होतं. तिच्यापर्यंत पोचलं होतं.

मेंदूच्या डॉक्टरांकडे त्याच दुपारी पाठवलं. ते तरुण आहेत, माझ्या एका विद्यार्थ्याचे चिरंजीव निघाले. कंपवात म्हणाले. मी म्हटलं, पण मी कापत नाही. ते म्हणाले, “सगळेच कापत नाहीत, मुअल्लिम. कुणाचा आवाज आधी जातो, कुणाचं अक्षर, कुणाचा वास. आणि चेहरा हलत नाही, म्हणून लोकांना वाटतं माणूस रागावलाय.”

परतीच्या गाडीत सनोबर माझा उजवा हात धरून बसली होती. काहीच बोलली नाही. मीही नाही. बोललो असतो तरी तिला ऐकू गेलं नसतं, हे आता कळलंय.

१८ मे

बऱ्याच दिवसांनी. गोळ्या घेतो. रागावलो होतो, खरोखरचा, आणि गंमत अशी की या वेळी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रागाचं कारण आजार नव्हता. मी आयुष्यभर झाडं तपासत आलो. पान कुठे वळलं, साल कुठे काळवंडली, शंभर पावलांवरून सांगायचो. आणि स्वतःच्या फांद्या वाळतायत ते दिसलं नाही. उलट बायकोच्या कानाला, पोराच्या स्वभावाला, इल्होमच्या मालाला, मार्चच्या गारठ्याला नावं ठेवली.

गारठ्याचं टिपण फाडून टाकलं. मोहराला वास होता.

काल सनोबर म्हणाली, “पुस्तक करायचंय ना? मग डॉक्टरीणबाईंकडे चला. आवाजाचं त्या शिकवतात म्हणे, तोतऱ्या पोरांना शिकवतात तसंच.”

म्हटलं, मी तोतरा आहे का?

“काय?” ती म्हणाली. मग आम्ही दोघंही हसलो. माझं हसू चेहऱ्यावर आलं की नाही कुणास ठाऊक.

२६ मे

मुहय्योबाईंनी एकच गोष्ट सांगितली, पण ती गिळायला अवघड आहे. “आवाज लहान की मोठा हे कानाने ठरवू नका. तुमचा कान तुम्हाला फसवतोय. तो सांगतो ठणठणीत, आणि बाहेर येते कुजबुज.” मग इल्होमला परत करायचा राहिलेला वकिलाचा रेकॉर्डर समोर धरला. त्याच्या काचेवर एक आडवी पट्टी आहे, आवाजासरशी पुढेमागे धावते. “हिच्यावर विश्वास ठेवा. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली पाहिजे.”

मी बोललो. पट्टी जागची हलली नाही.

“बागेच्या पलीकडच्या टोकाला माणूस उभा आहे, तो पाट फोडतोय. ओरडा त्याला!”

ओरडलो. मला तर भर बाजारात कुणाची आईबहीण काढल्यासारखं लाजिरवाणं वाटलं. बाहेरची नर्स धावत येईल अशी खात्री होती. कोणी आलं नाही. पट्टी जेमतेम अर्ध्यावर गेली.

सनोबर म्हणाली, “आत्ता माणसासारखं बोललात.”

२ जून

माइकबद्दलचं मत बदललं, ते नोंदवून ठेवतो.

मिशांचा सगळ्यांचं ऐकतो, त्यामुळे कुणाचंच नाही. तो इल्होमने ठेवून घ्यावा म्हणून घेऊन गेलो, पण सनोबरने पिशवीतून परत काढला. तिला गाणी भरून ठेवायचीत. कॉलरचा माइक मायाळू आहे, गळ्याशी असतो, कुजबुजलो तरी सांभाळून घेतो. मेहरांगेजला तोच आवडतो. वकिलाचा मात्र रोखठोक. त्याचं आपोआप कान टवकारणं बंद करण्याची सोय इल्होमने दाखवली. आता तो तसूभर मदत करत नाही. मी बोललो तरच बोललो.

सकाळी सराव आणि पुस्तक रोखठोक माइकवर. दुपारनंतर गोळीचा जोर ओसरला की मायाळू. दोघांवर मिळून पुस्तक पुढे सरकतंय.

१६ जून

तोडणी सुरू. अंगण जर्दाळूंनी केशरी झालंय, पत्र्यावर, चटयांवर, छपरावर. सगळे म्हणतात वासाने घर भरलंय. मी प्रत्येक जातीचं रूप, रंग, कोय, गर सांगतो आणि सुगंधाशी येऊन अडतो. जुन्या टिपणांत नुसतं ‘सुवासिक’ लिहिलंय. माझ्यासारख्या माणसाने ‘सुवासिक’ लिहून भागवावं! तेव्हा वाटलं होतं, वास काय, केव्हाही घेता येईल.

आज कंदक हातात धरून सनोबरसमोर बसलो. माइक तिच्याकडे केला.

“सांग.”

“काय सांगू? जर्दाळूसारखा वास येतो.”

“असं नाही. डोळे मीट.”

तिने फळ हुंगलं. पुन्हा हुंगलं. “न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूचा येतो ना, तसा. आणि खाली थोडासा मधाचा. पण मध घशाला लागतो तसा नाही, हलका.” मग मिरसंजली. “हा उन्हात तापलेल्या लाकडाचा. आपल्या जुन्या पेटीचं झाकण उघडलं की यायचा.” खुर्माई तिने नाकाशी धरली. “हा तुमच्या शर्टाचा. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही बागेतून यायचात ना, तो.”

पट्टी काठोकाठ धावत होती. खटका मागे ओढून शेवटचं वाक्य पुन्हा ऐकलं.

मेहरांगेजने सगळं टाइप करून पाठवलं आणि विचारलं, “मामा, शर्टाचं काढू ना?”

म्हटलं, राहू दे. संस्थेला काढायचं तर काढू दे.

९ जुलै

खुशबख्तचा फोन. सनोबर छपरावर होती, मीच घेतला. रोखठोक माइकसमोर बोलतो तसा बोललो, पोट आत ओढून.

“बोल रे! कसा आहेस?”



“बाबा?”

“मग कोण?”

“तुम्ही... माझ्याशी बोलताय?”

“भिंतीशी बोलतोय का मी? आवाज जास्त होतोय का?”

“नाही, नाही. कमी करू नका.” मग तो घाईघाईने बोलू लागला, मध्ये मध्ये अडखळत. “मी बाग सोडून गेलो म्हणून तुम्ही मला मनातून काढून टाकलंत असं वाटायचं. दीड-दोन वर्षं झाली बाबा, तुम्ही कागदावरचं वाचून दाखवल्यासारखं बोलता. आईला विचारलं की म्हणायची, तसं काही नाही. मला वाटायचं ती झाकतेय. म्हणून मी आपला लवकर फोन ठेवायचो.”

मी आजाराचं सांगितलं. त्याला ठाऊक होतं, आईने कळवलं होतं. पण आवाजाचं आणि त्याचं काही नातं असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

“मी एक दिवससुद्धा रागावलो नव्हतो,” मी म्हणालो. “आवाज आजारी होता. मी नाही.”

“परत म्हणा.”

म्हटलं. आधीपेक्षा मोठ्याने म्हटलं. छपरावरून सनोबर ओरडली, “काय झालं? कुणाशी भांडताय?”

३० ऑगस्ट

मजकूर संस्थेला दिला. दोन जातींची पानं अपुरीच राहिली; ती झाडं पलीकडच्या गावात आहेत आणि उन्हात तेवढं चालवत नाही. संस्थेचे प्रमुख म्हणाले छपाई वसंतात. चालेल. त्यांनी पानं चाळली, एका ठिकाणी थांबले, चष्मा काढून पुसला. कुठलं पान होतं ते मी पाहिलं नाही.

आजार गेलेला नाही आणि जाणार नाही, हे मेंदूच्या डॉक्टरांनी न विचारता सांगितलं. गळ्यापाशीची गुंडी सनोबर लावून देते. सराव एक दिवस चुकला की होशिम पाटापलीकडून विचारतो, “अका, आज रागावलात का?” हल्ली तो हे मुद्दाम विचारतो. अपुऱ्या दोन जातींसाठी सप्टेंबरात गाडी करून त्या गावी जायचं ठरवलंय. माइक घेऊन सनोबरही येणार. फळं आता वाळवलेलीच मिळतील, पण तिच्याशिवाय वासाचं कोण सांगणार?

१४ सप्टेंबर

खुशबख्त आला. तीन आठवड्यांची सुट्टी.

खुजंदच्या विमानतळाबाहेर कठड्याशी ही गर्दी. सगळ्यांची पोरं रशियाहून येणारी, फुगे, लहान मुलं, कुणाची म्हातारी आई खुर्चीवर बसवून आणलेली. दार उघडायचं, लोंढा बाहेर यायचा, प्रत्येक जण आपलं माणूस शोधायचा. सनोबरला काही दिसेना, उंची कमी. मला दिसला. बारीक झालाय, दाढी ठेवलीय. पिशव्या सावरत भलत्याच दिशेला निघाला होता, टॅक्सीवाल्यांकडे.

“अहो, तो चाललाय!” सनोबरने माझी बाही ओढली.

समोर पट्टी नव्हती. अंदाजानेच करायचं होतं. श्वास पार पोटापर्यंत भरला, कठडा धरला आणि हाक मारली.

“खुशबख्त!”

सगळी गर्दी वळून माझ्याकडे बघायला लागली. एक तान्हं रडायलाच लागलं. आणि टॅक्सीवाल्यांच्या मधोमध माझा मुलगा थांबला.